बंद कपाट आणि मंडळी

२ फेब्रुवारी

आजपासून दोन ठिकाणी लिहायचं ठरवलं आहे. जाहीर ते ब्लॉगवर, खासगी ते या वहीत. एकाचं दुसरीकडे जाऊ नये म्हणून वहीसाठी निळी शाई ठेवली आहे. ब्लॉगला शाई लागत नाही हे आत्ता लिहिताना लक्षात आलं, पण पेन आणलंच आहे तर असू दे.

निवृत्त होऊन चार महिने झाले. एकतीस वर्षं मी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले. माझ्याइतकं वाचन या भागात कोणाचं नसेल. आता लेखन.

विषय घरातच मिळाला. गेल्या आठवड्यात आम्ही या नव्या जागेत आलो. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्यामधल्या बोळात भिंतीत बसवलेलं एक लाकडी कपाट आहे. एकच दार, पितळी मूठ. पहिल्या दिवशी मी मूठ ओढली. उघडलं नाही. दहापर्यंत मोजलं आणि चिठ्ठीवर 'बंद' लिहून दारावर चिकटवली. आमच्या खात्याची हीच पद्धत. बेल एकदा वाजवायची, दहापर्यंत मोजायचं, कोणी आलं नाही तर कार्डावर 'बंद' लिहून मागच्या महिन्याची सरासरी टाकायची आणि पुढचं घर गाठायचं. एकतीस वर्षांत मी कुठलीच बेल दुसऱ्यांदा वाजवलेली नाही. नाहीतर दिवसाला दीडशे घरं होत नसतात.

ब्लॉगचं नाव 'बंद कपाट'. पहिला लेख टाकला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, ते कपाट ना..." मी म्हटलं, आधी लिहून होऊ दे.

९ फेब्रुवारी

वाचक चार. मी, मेहुणा, मेहुण्याचा दुसरा फोन आणि एक अनोळखी.

बायकोच्या गुडघ्याचं काहीतरी बघायला हवं. सकाळी बोळात कपाटासमोर उभी होती आणि उजवा गुडघा दाराला टेकवून, मूठ धरून, जरा वर ताणल्यासारखं करत होती. वय कोणाला चुकलंय? मी मागून अलगद निघून गेलो. अशा वेळी माणसाला एकटं सोडावं.

१४ फेब्रुवारी

अनोळखी वाचकाने विचारलं आहे: 'आत काय असेल?'

एवढंच. पण दिवसभर जेवणात लक्ष नव्हतं. एकतीस वर्षांत मला कोणी उलट प्रश्न विचारला नव्हता. लोक आकडा विचारायचे आणि तो ऐकून मलाच शिव्या द्यायचे, जणू वीज मी जाळली.

उत्तरादाखल आठशे शब्दांचा लेख लिहिला. सारांश: माहीत नाही.

२७ फेब्रुवारी

माझी राखाडी पॅन्ट कमरेत घट्ट होते, हे बायकोला आज तिसऱ्यांदा सांगितलं. ती लोकांचे कपडे सैल-घट्ट करून देते. हॉलमध्ये खिडकीपाशी तिचं मशीन आहे आणि ते दिवसभर चालू असतं. प्रत्येक कपडा झाला की त्याला टाचणीने चिठ्ठी लावते: कोणाचा, काय केलं, खाली 'तयार' आणि तारीख. शिस्त उत्तम आहे. आमच्या खात्यात असती तर वर चढली असती. पण नवऱ्याची पॅन्ट मात्र रांगेत शेवटी.

वाचक बावीस.

५ मार्च

बायको म्हणाली, "पॅन्ट कालच झाली. कपाटात ठेवलीय."

मी लोखंडी कपाट उघडून बघितलं. त्यात माझ्या जुन्या मीटरकार्डांच्या प्रती आहेत, वरून खालपर्यंत, एकतीस वर्षांच्या. पॅन्ट ठेवायला बोटभर जागा नाही. तसं सांगितलं तर म्हणाली, "त्यात नाही हो. कपाटात." घरात उघडणारं कपाट एकच आहे. बिचारीला विसरायला व्हायला लागलंय. मी विषय वाढवला नाही.

यावरून मनात आलं की तिच्या साड्या, लोकांचे कपडे, टॉवेल, चादरी हे सगळं ती ठेवते तरी कुठे? पण बायकांना अशा बाबतीत एक कसब असतं. जागा कुठून काढतात हे त्यांचं त्यांना माहीत.

१८ मार्च

वाचक चारशेच्या वर गेले! मेहुणा तडक घरी आला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. याने आजवर पाणी गाळायची यंत्रं विकली, गाद्या विकल्या, मोटारींच्या सीटांची कव्हरं विकली आणि प्रत्येक धंद्यातून तो थोडा जाड होऊन बाहेर पडला.

बोळात जाऊन त्याने कपाटासमोर हात जोडले. मग म्हणाला, "भाऊजी, तुम्हाला कळतंय का तुमच्याकडे काय आहे?"

"नाही," मी म्हटलं. "तेच तर लिहितोय."

"यात धंदा आहे! जगात सगळे सांगतात अमुक कसं उघडा, तमुक कसं उघडा. बंद ठेवून बसलेले तुम्ही एकटेच."

बायको शिवता शिवता म्हणाली, "अरे, ते कपाट..."

"ताई, तू यात पडू नकोस," मेहुणा म्हणाला. "हे व्यावसायिक आहे."

कंपनीचं नाव ठरलं: बंद कपाट आणि मंडळी. मी संस्थापक. तो बाकीचं सगळं.

२ एप्रिल

हॉलचं कार्यालय झालं. तीन टेबलं, एक पांढरा फळा, एक झाड (प्लास्टिकचं, मेहुण्याचं म्हणणं की खऱ्या झाडाकडे लक्ष द्यावं लागतं आणि आपलं लक्ष कपाटाकडे हवं). बायकोचं मशीन बाल्कनीत नेलं. बाल्कनी तशी लहान आहे. मशीन आणि बायको मावतात, कपडा मावत नाही. तो कठड्यावरून बाहेर सोडून शिवावा लागतो. तिने टाचण्यांची उशी उचलली आणि मशीनमागोमाग गेली. समजूतदार आहे.

फळ्यावर आठवड्याचं वेळापत्रक: सोमवारी मूठ, मंगळवारी बिजागरी, बुधवारी फट, गुरुवारी वाचकांचे अंदाज, शुक्रवारी संस्थापकाचं मनोगत. शनिवारी काहीच लिहायचं नाही, म्हणजे उत्सुकता वाढते. एकतीस वर्षं मी शनिवारी काही लिहीत नव्हतो, कोणाची उत्सुकता वाढल्याचं आठवत नाही. पण मेहुण्याला या क्षेत्रातलं कळतं.

११ एप्रिल

पहिली जाहिरात मिळाली. बिजागऱ्यांना घालायच्या तेलाची.

अडचण अशी की तेल कपाटाला घालून चालणार नाही. उघडलं तर? तेव्हा घरातल्या बाकी सगळ्या दारांना घातलं आणि प्रत्येकाचा फोटो टाकला. तेल फारच चांगलं निघालं. आता एकही दार जागेवर राहत नाही. स्वयंपाकघरात कोणी शिंकलं की बाथरूमचं दार उघडतं. मेहुणा आज आत असताना दोनदा उघडलं, त्यापैकी एकदा समोर तेलाच्या कंपनीची बाई उभी होती. तिने पुढच्या महिन्याचाही करार केला.

१९ एप्रिल

मेहुण्याने एका सुताराला बोलावलं. वाचकांना तज्ज्ञाचं मत हवं होतं. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, कमी बोलणारा. त्याने दाराकडे बघितलं, खाली वाकून बघितलं, एक बोट कडेवरून फिरवलं आणि म्हणाला, "काका, हे तर..."

मेहुण्याला त्याच क्षणी जोराचा खोकला आला. खोकत खोकत सुताराला खांद्याला धरून तो जिन्यात घेऊन गेला. परत आले तेव्हा सुतार आमचा कायमस्वरूपी तज्ज्ञ झालेला होता. काम एकच, कपाटाबद्दल काही बोलायचं नाही. तसं लिहून सही घेतली आहे.

मी मेहुण्याला विचारलं, "तो काय म्हणत होता?"

"तांत्रिक होतं, भाऊजी. तुम्ही कलावंत. तुम्ही त्यात शिरू नका."

कलावंत! हा शब्द माझ्याबद्दल पहिल्यांदाच वापरला गेला. दिवस सत्कारणी लागला.

२६ एप्रिल

सुताराला दिवसभर काही काम नसतं. तो बाल्कनीच्या दारात स्टूल टाकून बसतो आणि बायकोच्या मशीनच्या लाकडी पायाची डगडग बघतो. आज दोघं मोठमोठ्याने हसत होते. मी गेलो तर गप्प झाले. बायकोला एवढं हसताना मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. "काय झालं?" विचारलं. ती म्हणाली, "कपाटाचं," आणि पुन्हा हसू लागली. सुताराने सही केल्यामुळे तो फक्त खांदे हलवत होता.

३ मे

वाचकांत तट पडले आहेत. आत फळ्या आहेत असं मानणारे फळीवादी. आत काही नाही, नुसतं दार भिंतीवर ठोकलं आहे असं मानणारे भिंतवादी. एकमेकांना काय काय बोलतात! आज एक फळीवादी भिंतवाद्याला म्हणाला, 'तुमच्यासारख्यांच्या घरात कपाटं असून काय उपयोग.' दुसऱ्याने त्याच्या आईवडिलांपर्यंत मजल नेली.

मला दोन्ही बाजूंचं पटतं. हे मी शुक्रवारच्या मनोगतात लिहिलं तर दोन्ही बाजूंनी माझ्यावर तोंडसुख घेतलं.

दुपारी एक गृहस्थ दोन गाड्या बदलून कपाट बघायला आले. बाहेर चपला काढल्या. तासभर नुसते उभे राहिले. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाले, "माझ्या घरी सगळंच उघडतं हो." आम्ही त्यांना खुर्ची दिली. पाणी द्यायला बायको आली, आणि त्यांना तोंड पुसायला बोळातूनच एक स्वच्छ घडी घातलेला टॉवेल घेऊन आली. वाखाणण्यासारखी तत्परता. कुठून आणला कोण जाणे.

१६ मे

प्रशिक्षणवर्ग सुरू झाला: 'आपलं कपाट, आपला व्यवसाय.' घरबसल्या सहा धडे. सत्तर जण शिकताहेत. पहिला धडा मी घेतला: दार एकदाच ओढा. दहापर्यंत मोजा. दुसऱ्यांदा ओढण्याचा मोह होईल, पण लेखक तिथेच संपतो.

लगेच तक्रारही आली. तिसऱ्या धड्याला एका विद्यार्थिनीचं कपाट आपोआप उघडलं. आत हरवलेला पासपोर्ट आणि नवऱ्याने लपवलेलं वजनाचं यंत्र सापडलं. ती खूश आहे, पण व्यवसाय बुडाला म्हणून भरपाई मागते. मेहुण्याने तिला उत्तर दिलं की कपाटाची निवड ही विद्यार्थ्याची जबाबदारी.

२८ मे

वाईट बातमी. दुसऱ्या कोणीतरी 'अडकलेली खिडकी' नावाचा ब्लॉग काढला आहे. खिडकी अर्धी उघडी आहे आणि पुढे-मागे होत नाही. बाहेरचं दिसतंसुद्धा! रोज नवा फोटो. आमचे भिंतवादी घाऊक भावात तिकडे गेले.

मेहुणा फळ्यासमोर डोकं धरून बसला. शेवटी म्हणाला, "भाऊजी, आता उघडावं लागेल."

मी म्हटलं, चार महिने ज्यावर जगलो ते एका दिवसात संपवायचं?

"एका दिवसात नाही," तो म्हणाला. "महिनाभर गाजवायचं. तीस जूनला थेट प्रक्षेपण. सगळे परत येतील."

३१ मे

बायको आज कार्यालयात आली. म्हणजे हॉलमध्ये. बैठक चालू होती. दारातच उभी राहून म्हणाली, "मला पाच मिनिटं हवीत."

मेहुणा म्हणाला, "ताई, गुरुवारी ठेवूया?"

ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "काल एका बाईचा लग्नाचा ड्रेस बाल्कनीतून खाली पडला. खालच्या मजल्यावरच्याने उचलून दिला, पण डाग पडायचा तो पडला. मी हे बावीस वर्षं करतेय आणि एकाही कपड्याला डाग लागला नव्हता. जूनच्या शेवटापर्यंत माझं मशीन खिडकीपाशी परत आलं नाही, तर मी मशीन घेऊन अक्काकडे जाईन. तिची पुढची खोली रिकामी आहे. आणि जाईन म्हणजे राहायला जाईन. कळलं का?"

"कळलं," मी म्हटलं.

"काय कळलं?"

"जूनअखेर."

ती थोडा वेळ थांबली. मी मनात मोजत होतो, सवयीने. दहाला ती वळून गेली.

मी फळ्यावर ३० जूनच्या चौकटीत 'उद्घाटन'च्या खाली 'मशीन' असंही लिहून ठेवलं. एका दिवसात दोन्ही होतील. तिलाही अक्काकडे बदल होईल. मोठी बहीण आहे, घर चांगलं हवेशीर आहे.

१२ जून

जाहिरात जोरात आहे. 'अठरा दिवस उरले.' खिडकीवाल्याने आमच्याबद्दल कुत्सित लिहिलं, म्हणजे तो घाबरला.

घर मोकळं मोकळं वाटायला लागलं आहे. बायकोच्या वस्तू दिसेनाशा झाल्या. तिचा चष्म्याचा डबा, टाचण्यांची उशी, ती सांध्यांना लावते त्या मलमाची बाटली. पाहुण्यांसाठी आवराआवर करत असणार. न सांगता करते हे विशेष. शुक्रवारच्या मनोगतात तिचे जाहीर आभार मानायचे होते, पण मेहुणा म्हणाला विषयांतर होईल.

२१ जून

आज बायको बोळात पेटी उघडून बसली होती. मी जाता जाता विचारलं, "काही शोधतेस का?"

"नाही. काढतेय."

"कुठून?"

तिने वर बघितलं. "तुम्ही मला कधी विचारलंत का हो, या कपाटाबद्दल?"

मी म्हटलं, "तुला काय माहीत असणार? आपण दोघं एकाच दिवशी या घरात आलो."

ती हसली नाही. रागावलीही नाही. "मी तीनदा सांगायला आले होते," म्हणाली. "चौथ्यांदा नाही सांगणार." मग पेटीत एक चादर ठेवून तिच्यावर हात फिरवत बसली. मला वाटलं काहीतरी बोलावं. पण हॉलमधून मेहुण्याने हाक मारली, दिव्यांची माणसं आली होती.

३० जून

पहाटेपासून धावपळ. बोळात तीन दिवे, दोन कॅमेरे, केबली. नऊ वाजता खाली एक छोटा टेम्पो उभा राहिला. बायकोचं मशीन सुताराने आणि टेम्पोवाल्याने मिळून खाली नेलं. बोळ अरुंद, त्यात गर्दी, तेव्हा मशीन आजच हललं ते बरंच झालं. ती दारात थांबली आणि माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली, पण माझ्या कानात यंत्र घातलेलं होतं आणि मेहुणा त्यातून एक-दोन-तीन म्हणत होता. मी अंगठा वर करून दाखवला. ती गेली.

अकराला सुरुवात. बघणारे नऊ हजार. मी भाषण केलं. मग मूठ ओढली. उघडलं नाही. टाळ्या!

कुलूपवाला आला. त्याने सांगितलं की याला कुलूपच नाही, मी काय उघडू? मग दोन पैलवान आले, तालमीच्या जाहिरातीसह. त्यांनी ओढलं, मूठ हातात आली. ती परत बसवली. 'तज्ज्ञ कुठे आहेत?' असं वाचक विचारायला लागले. तज्ज्ञ टेम्पोत होते. एक वाजला, बघणारे बारा हजार. मेहुण्याला आनंदाने बोलता येईना. "नाही उघडलं तर आणखी चांगलं, भाऊजी! आपण परत जूनअखेर करू! पुढचा!"

चहासाठी सगळे हॉलमध्ये गेले. कॅमेरा चालू होता. मी एकटाच कपाटासमोर उभा राहिलो. फार दमलो होतो. टॉवेल हवा होता, म्हणून बायकोला हाक मारली आणि मग आठवलं ती नाही.

तेव्हा मला तीच दिसली. इथेच, याच जागी, रोज सकाळी. उजवा गुडघा दाराला, हात मुठीवर, जरा वर ताणून.

मी तिच्यासारखा उभा राहिलो. गुडघा टेकवला. मूठ वर उचलली.

अजिबात आवाज न होता दार उघडलं.

आत पाच फळ्या. प्रत्येकीवर स्वच्छ कागद, कडा दुमडून बसवलेला. कागदांवर घड्यांचे फिकट चौकोन उमटलेले, चादरींचे मोठे, टॉवेलांचे लहान. आतून तिच्या मलमाचा वास आला. सगळं रिकामं. फक्त मधल्या फळीवर एक राखाडी पॅन्ट, इस्त्री केलेली, आणि तिला टाचणीने लावलेली चिठ्ठी: 'हे. कमर दोन बोटं सैल. तयार. ४ मार्च.'

'हे' म्हणजे मी. तिने माझं नाव कधीच घेतलं नाही.

हॉलमध्ये आरडाओरडा झाला, त्यांनी पडद्यावर बघितलं होतं. फळीवाद्यांनी विजय साजरा केला. भिंतवादी म्हणाले की फळ्यांच्या मागे भिंतच आहे. आणि मग हजारो लोक एकच विचारायला लागले: पॅन्ट कोणाची?

मेहुणा धावत आला. त्याचे डोळे चमकत होते. "भाऊजी, हात लावू नका! 'पॅन्ट कोणाची.' वर्षभर चालेल हे!"

मी म्हटलं, "माझी आहे."

"ते आपण सांगायचंच नाही!"

मी पॅन्ट उचलली, झोपायच्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. तेलामुळे ते तीनदा उघडलं. शेवटी पाठ टेकवून बसलो. मी रडलो हे इथे लिहितो, कारण ही वही खासगी आहे.

२ जुलै

टेबलं गेली. झाड मेहुणा घेऊन गेला, आणि ब्लॉगही. लिहून दिलं त्याला. तो 'राखाडी पॅन्ट' नावाने चालवणार आहे. त्याच्याकडे पॅन्ट नाही, पण तो म्हणतो ती अडचण नाही.

हॉलमध्ये खिडकीपाशी फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग आहेत. तेवढी जागा पुसून ठेवली.

लोखंडी कपाटातली मीटरकार्डं काढायला घेतली. किती कार्डांवर 'बंद' आहे! मी इतकी वर्षं त्यांच्याकडे पुरावा म्हणून बघत होतो. कोणी आंघोळीला गेलं असेल, कोणाचं मूल कडेवर असेल, कोणी म्हातारं काठी शोधत असेल. सगळे दाराकडे यायला निघालेले असतील, आणि मी सरासरी टाकून पुढे.

बायकोनेही सरासरीवरच दिवस काढले.

३ जुलै

राखाडी पॅन्ट घालून अक्काकडे गेलो. कमरेत बरोबर बसते. मार्चपासून बरोबर बसली असती.

बेल वाजवली. दहापर्यंत मोजलं. आतून काही चाहूल नाही. हात आपोआप खिशाकडे गेला, पेनासाठी. खिसा रिकामा होता. बेल पुन्हा कशी वाजवायची हे मला खरंच माहीत नव्हतं, म्हणजे वाजवताना काय करायचं असतं ते. बोट ठेवलं आणि वाजवली.

अकरा. बारा. शेजारच्या बाई कचरा टाकायला बाहेर आल्या, आत गेल्या. पन्नास. म्हटलं ती बाजारात गेली असेल. शंभर. म्हटलं असेल तर येईल. दोनशेच्या आसपास पाय दुखायला लागले, तरी मोजत राहिलो. मध्ये एकदा चुकलो, तेव्हा मागे जाऊन पुन्हा मोजलं.

तीनशे चाळीसला दार उघडलं. ती समोर उभी होती, गळ्यात टेप, ओठांत दोन टाचण्या. तिने त्या काढून हातातल्या उशीला टोचल्या.

"कितीपर्यंत मोजलंत?" तिने विचारलं.

"तीनशे चाळीस."

"मी दाराआडच होते," ती म्हणाली. "पहिल्या बेलपासून. म्हटलं, अकरा म्हणतात का बघू."

तिने पॅन्टच्या कमरेत दोन बोटं घालून बघितली आणि बाजूला झाली. मी आत गेलो. घरी चल असं मी अजून म्हटलेलं नाही आणि येते असं तिने म्हटलेलं नाही. अक्काच्या बाथरूमचं दार लागत नाही, ते बघायला सांगितलं आहे. त्यावर काही लिहायचं नाही असंही बजावलं आहे. म्हणून एवढ्यावरच थांबतो, सुतार येऊन बसला आहे आणि मला शिकायचं आहे.